एक नाव की दोन? घरातल्या वाय-फायचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ काही वर्षांपूर्वी आमच्या घरी ब्रॉडबँडची जोडणी झाली. राउटर भिंतीवर लावून झाल्यावर जोडणीसाठी आलेल्या गृहस्थांनी विचारले, "ताई, वाय-फायचं नाव एकच ठेवू की दोन?" मला प्रश्नच नीट कळला नव्हता. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा दादा," असे सांगून मी मोकळी झाले. त्यांनी एकच नाव ठेवले.

२/ पुढच्याच महिन्यात पदव्युत्तर प्रवेशासाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती. राउटर बाहेरच्या खोलीत आणि शांतता माजघरात. मधे जुन्या घराच्या दोन जाडजूड दगडी भिंती. लॅपटॉप बाहेर सुरू केला आणि उचलून आत नेला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असताना पडद्यावरचे तिन्ही परीक्षक थिजले. पुन्हा जोडले जाईपर्यंत माझी वेळ संपत आली होती. त्या वर्षीचा प्रवेश हुकला. तो केवळ वाय-फायमुळे हुकला असे म्हणणे इतिहासाच्या विद्यार्थिनीला शोभणार नाही. कोणत्याही घटनेला एकच कारण नसते. परंतु अनेक कारणांपैकी ते एक होते, एवढे निश्चित.

३/ रागारागाने मी राउटरची दोन नावे केली. एक साधे, दुसऱ्याच्या शेवटी '५जी'. आठवडाभराने लक्षात आले की आजीचे आत्याला रोज संध्याकाळी होणारे व्हिडिओ कॉल बंद पडले आहेत. कुणीतरी तिचा टॅब '५जी'ला जोडून दिला होता आणि तिच्या खोलीत ते पोहोचतच नव्हते. टॅब बिघडला असे समजून ती गप्प बसली होती. म्हणजे एका नावाने माझा घात केला, दोन नावांनी आजीचा. मग मुळात हे दोन पट्टे आलेच कुठून? उत्तर शोधता शोधता मी १९४० साली जाऊन पोहोचले.

४/ वाचकमित्रहो, आधी दोन शब्द विज्ञानाचे. आपला राउटर साधारणतः दोन वारंवारता-पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, दुसऱ्याची साधारण साडेपाच. लांब लहरी दूरवर टिकतात, भिंतींतून तुलनेने सहज पार होतात. पण त्या पट्ट्यात जागा थोडी आणि गर्दी फार. आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, वेग मोठा. पण भिंत आडवी आली की त्या लवकर क्षीण होतात. एक दूरचा सोबती, दुसरा जवळचा धावपटू.

५/ ही जोडी कुणी विचारपूर्वक आखली असावी असे वाटते. तसे नाही. हे दोन पट्टे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या लोकांच्या भांडणांतून आपल्या वाट्याला आले. राउटरवरची ती दोन नावे म्हणजे त्या इतिहासाचे अवशेष आहेत.

६/ १९४०. ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू होते. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन नावाचे उपकरण घडवले. काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी प्रचंड शक्तीने निर्माण करण्याची किमया त्यात होती, आणि त्यामुळे विमानात मावेल इतके लहान रडार शक्य झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिझार्ड शिष्टमंडळाने हे गुपित अमेरिकेत नेले.

७/ युद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेतील रेथिऑन कंपनी मॅग्नेट्रॉनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करत होती. तिथले अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोड वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, परंतु परिणाम निर्विवाद आहे: मायक्रोवेव्ह भट्टी. १९४७ मध्ये 'रडाररेंज' या नावाने ती बाजारात आली, तेव्हा ती माणसाएवढी उंच होती.

८/ त्याच १९४७ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. जगभरच्या रेडिओलहरींची वाटणी नव्याने करायची होती. संदेश न पाठवता नुसतीच ऊर्जा फेकणाऱ्या यंत्रांचे काय करायचे, हाही प्रश्न होता. भट्ट्या, वैद्यकीय उपचारांची उपकरणे, कारखान्यांतील तापयंत्रे यांचा गोंगाट दळणवळणात मिसळू नये म्हणून काही पट्टे 'औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय' वापरासाठी बाजूला काढले गेले. २४५० मेगाहर्ट्झच्या भोवतालचा पट्टा त्यांपैकी एक.

९/ इथे एक गैरसमज दूर करू. "पाण्याचे रेणू नेमके याच वारंवारतेला थरथरतात, म्हणून ती निवडली," असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. द्रवरूप पाण्याचे शोषण याहून कितीतरी वरच्या वारंवारतेला, सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास, कमाल पातळीला पोहोचते. २.४ची निवड ही निसर्गाची आज्ञा नव्हती. तो वाटाघाटींचा निर्णय होता.

१०/ पुढची जवळपास चाळीस वर्षे या पट्ट्याकडे दळणवळणातली मंडळी उकिरडा म्हणूनच पाहत होती. गोंगाटाच्या जागेत संदेश कोण पाठवणार? त्यातच प्रत्येक देशात लहरींवर सरकारी परवान्याचा पहारा. आपल्याकडे १८८५चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम होता. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टात वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालली. आजोबांच्या ट्रंकेत असे परवाना-पुस्तक असेल, तर जपून ठेवा. ते अस्सल साधन आहे.

११/ १९८५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने एक धाडसी निर्णय घेतला. मायकेल मार्कस या अभियंत्याने त्यासाठी काही वर्षे पाठपुरावा केला होता. ९०२ ते ९२८, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ या तीन पट्ट्यांत विनापरवाना दळणवळणाला मुभा मिळाली. अटी दोन: शक्ती एका वॅटपेक्षा अधिक नको, आणि संदेश विस्तृत पट्ट्यावर 'पसरवून' पाठवायचा. म्हणजे गोंगाटातही तो तग धरील आणि दुसऱ्याला फारसा त्रास देणार नाही.

१२/ 'पसरवण्या'ची कल्पना आली की हेडी लमार हे नाव निघतेच. या चित्रपट अभिनेत्रीने संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासह १९४२ मध्ये वारंवारता सतत बदलत संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले, हे खरे. "हेडी लमारने वाय-फाय शोधले" हे मात्र अतिरंजन. एका धाग्याला संपूर्ण वस्त्र म्हणू नये. आणि धागा होता हे विसरूही नये.

१३/ आता दुकानाकडे वळू. एनसीआर ही गल्ल्यावरची हिशेबयंत्रे बनवणारी कंपनी. मोठ्या दुकानांतली मांडणी बदलली की दरवेळी तारा उखडून नव्याने टाकाव्या लागत. यंत्रे बिनतारी झाली तर? कंपनीच्या नेदरलँड्समधील चमूने हे काम हाती घेतले, आणि त्यातले व्हिक हेस १९९०मध्ये आयट्रिपलई संस्थेच्या ८०२.११ या नव्या समितीचे अध्यक्ष झाले. आज ज्यावर आपण मालिका पाहतो, त्या तंत्राच्या मुळाशी बिल फाडण्याची निकड होती.

१४/ ९०० मेगाहर्ट्झजवळचा पट्टा भिंतींसाठी अधिक सोयीचा होता. पण तो मुख्यतः अमेरिका खंडांतच मोकळा. २.४ मात्र अटलांटिक सिटीच्या कृपेने जवळपास जगभर उपलब्ध होता. जगभर विकायचे तर तोच हवा. १९९७च्या जूनमध्ये पहिले मानक आले. वेग: सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. असा हा भट्टीचा उकिरडा जगाचा चव्हाटा झाला.

१५/ १९९९ हे या कथेतले निर्णायक वर्ष. त्या वर्षी एकाच वेळी दोन मानके संमत झाली. ८०२.११ए: पट्टा ५ गिगाहर्ट्झ, वेग ५४ मेगाबिटपर्यंत. ८०२.११बी: पट्टा २.४, वेग अवघा ११. कागदावर 'ए' कितीतरी सरस. पण ५ गिगाहर्ट्झच्या चिप स्वस्तात बनवणे तेव्हा कठीण होते, तर 'बी' जुन्याच तंत्राची पुढची पायरी होती. जुलै १९९९मध्येच ॲपलने आयबुकसोबत 'एअरपोर्ट' आणले होते, तेही याच ११ मेगाबिटच्या तंत्रावर. 'ए'ची उपकरणे येईपर्यंत २००१ उजाडले. तोवर बाजार 'बी'चा झाला होता.

१६/ आता आपल्या मूळ प्रश्नाचा पहिला अवतार पाहा. 'वाय-फाय' हे नाव इंटरब्रँड या संस्थेकडून घडवून घेतलेले व्यापारी नाव. ते २.४च्या उपकरणांवर रुळले. मग ५ची उपकरणे आली, आणि ती जुन्यांशी बोलू शकत नव्हती! ग्राहकांची फसगत होऊ नये म्हणून उद्योगसंघाने त्यांना वेगळे नाव दिले: 'वाय-फाय५'. हे नाव टिकले नाही. वेगळ्या नावाने गोंधळ वाढतो म्हणून २००२ मध्ये ते मागे घेतले गेले. एक नाव की दोन, या प्रश्नावर खुद्द नाव देणारेच एकदा अडखळले होते.

१७/ ५ गिगाहर्ट्झची दुसरी अडचण कायद्याची होती. त्या पट्ट्यात रडार आधीपासून वस्तीला होते, हवामानाचे आणि लष्कराचेही. २००३ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेत तोडगा निघाला. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५, असे एकूण ४५५ मेगाहर्ट्झ बिनतारी जाळ्यांना मिळाले. मात्र त्यातल्या मोठ्या भागात राउटरने आधी कान देऊन ऐकायचे, आणि रडारची चाहूल लागताच जागा सोडून निघून जायचे, अशी अट पडली. काही वेळा आपले ५ गिगाहर्ट्झचे जाळे राउटर सुरू केल्यानंतर मिनिटभर उशिरा दिसते, ते यामुळेच.

१८/ ही अट कागदी नव्हती. २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतील सान हुआन विमानतळाच्या हवामान-रडारवर बिनतारी उपकरणांचा व्यत्यय आढळला आणि अमेरिकी यंत्रणांना त्याची कसून चौकशी करावी लागली. विमानतळाजवळच्या घातक वाऱ्यांची सूचना देणारे हे रडार असते. म्हणजे २.४ हा गोंगाटाच्या गावातला मोकळा माळ, तर ५ हे रडारच्या वाड्यातले कुळाचे घर: प्रशस्त, पण मालक आला की खोली रिकामी करायची.

१९/ भारतात? २००५च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४चा पट्टा परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झमध्ये प्रशस्त मुभा मिळायला २०१८चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. तुलनेसाठी, २.४च्या पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत वीस राउटर असले, तर ते या तीन वाटांवर दाटीवाटीने चालत असतात.

२०/ २००९ मध्ये संमत झालेल्या ८०२.११एन मानकाने दोन्ही पट्टे एका छत्राखाली आणले, आणि दोन्ही पट्टे एकाच वेळी चालवणारे राउटर घरोघरी पोहोचू लागले. अनेकांवर दोन नावे असत. प्रश्न वापरणाऱ्यावर सोपवला जाई. शेवटी '५जी' लिहिण्याची प्रथा याच काळातली. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतात मोबाइलची पाचवी पिढी अवतरली आणि या '५जी'ने आणखी एक गोंधळ जन्माला घातला. मोबाइलमधला 'जी' पिढीचा, राउटरवरचा गिगाहर्ट्झचा. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

२१/ मग दुसरा विचार पुढे आला: नाव एकच ठेवावे, निवड यंत्राने करावी. इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मुलाखतीचे रहस्य त्यातच दडले आहे. ८०२.११च्या मूळ रचनेत कोणत्या पट्ट्याला जोडून घ्यायचे हे राउटर ठरवत नाही. फोन किंवा लॅपटॉप ठरवतो. राउटर फार तर मन वळवू शकतो. एखाद्या फोनने २.४वर हाक मारली की थोडा वेळ उत्तरच द्यायचे नाही, म्हणजे तो आपोआप ५कडे वळेल, असा त्याचा डाव.

२२/ पुढे २००८चे 'के' आणि २०११चे 'व्ही' या पुरवणी-मानकांनी राउटरला सुचवण्याची सभ्य भाषा दिली: "तुम्हाला तिकडे अधिक बरे पडेल." पण सूचना मानणे न मानणे शेवटी उपकरणाच्या हाती. माझा जुना लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ५ला जोडला गेला आणि माजघरात आल्यावरही त्याच क्षीण धाग्याला चिकटून राहिला. शेजारी २.४चा भक्कम आधार होता. पण तो धागा तुटेपर्यंत लॅपटॉपने हात सोडला नाही.

२३/ रेल्वेचे उदाहरण घ्या. पंढरपूरला जाणारे वारकरी कुर्डुवाडीला ब्रॉडगेजची गाडी सोडून बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज गाडीत बसत. गाडी बदलायची आहे हे प्रवाशाला ठाऊक असे, कारण रूळ डोळ्यांना दिसत. एक नाव ठेवलेले वाय-फाय म्हणजे अशी फलाटावरची पाटीच काढून टाकणे. बदल वेळेवर झाला तर प्रवास सुखाचा. न झाला तर आपण कुठे अडकलो हेही कळत नाही. नावे जुळली म्हणून रूळ जुळत नाहीत.

२४/ म्हणून दोन नावे चांगली म्हणावीत, तर आजीकडे पाहा. दोन नावांत निवड करायची तर त्यामागचे ज्ञान हवे. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्या दृष्टीने ते स्वातंत्र्य नसते, ते ओझे असते. इतिहासात असे अनेकदा दिसते: निवडीचा हक्क कागदावर सर्वांना मिळतो, वापरता येतो तो माहितगारांनाच. उलट, निवड दुसऱ्याने गुपचूप करायची ठरवली, तर तिचा जाब विचारायची सोय उरत नाही. एक नाव की दोन, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचे खरे रूप हे आहे.

२५/ व्यवहारात काय करावे? फोन आणि लॅपटॉप नवे असतील, घर मोठे असून एकाहून अधिक राउटर जोडलेले असतील, तर एकच नाव उत्तम. उपकरणे जुनी, भिंती जाड आणि एकाच जागी बसून महत्त्वाचे काम करायचे असेल, तर दोन नावे बरी. काही स्मार्ट दिवे व प्लग फक्त २.४ जाणतात. एकत्रित नावावर ते प्रथम जोडताना अडले, तर तेवढ्या वेळापुरती नावे वेगळी करावीत.

२६/ हा वाद कदाचित लवकरच संपेल. २०२०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही वाय-फायसाठी खुला केला आणि दोनाचे तीन झाले. जानेवारी २०२४पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ७ मध्ये एकच उपकरण एकाहून अधिक पट्टे जोडीने वापरू शकते. मग 'हा की तो' हा प्रश्नच गळून पडतो. कुर्डुवाडीलाही पुढे ब्रॉडगेज झाले, आणि गाडी बदलण्याची ती लगबग आठवणींत गेली.

२७/ आमच्या घरी सध्या नावे दोन आहेत. पण '५जी' हा शब्द मी काढून टाकला. एकाचे नाव 'माजघर' आणि दुसऱ्याचे 'ओसरी'. २.४ माजघरापर्यंत पोहोचते, ५ ओसरीवर धावते. आजीला वारंवारता ठाऊक नाही, पण आपण कुठल्या खोलीत बसलो आहोत हे तिला पक्के ठाऊक आहे. पुढच्या वर्षीची मुलाखत मी 'माजघर'वरून दिली आणि प्रवेश मिळाला. आजीचे आत्याशी बोलणे रोज संध्याकाळी सात वाजता पुन्हा सुरू झाले आहे.

२८/ पुढच्या वेळी कुणी राउटर बसवायला आले आणि "एक नाव की दोन?" असे विचारले, तर घाईने "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणू नका. अटलांटिक सिटीची परिषद, एनसीआरचा गल्ला आणि जिनिव्हातली तडजोड, एवढे सारे त्या चार शब्दांच्या प्रश्नात सामावले आहे. त्यांना आधी एक विचारा: "दादा, आमच्या घरात सगळ्यात आतल्या खोलीत कोण बसतं, ते सांगू का?"

(समाप्त)